वाडा, चावडी, कचेरी : कागलच्या निमित्ताने

मराठी इतिहासलेखनाला किल्ल्यांचे वेड आहे, देवळांचे आहे, अलीकडे वाड्यांचेही लागले आहे. कचेरीचे मात्र कोणाला लागलेले दिसत नाही. वास्तविक सामान्य माणसाचा आणि राज्यसंस्थेचा संबंध येतो तो किल्ल्यावर नव्हे, कचेरीत. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यातली पायरी नेमकी कोणत्या इमारतीची होती, ती इमारत कोणाच्या मालकीची होती, आणि त्या पायरीवर कोणाला चढू दिले जात होते व कोणाला खालीच उभे राहावे लागत होते, हे प्रश्न आपण विचारत नाही. गावोगावच्या नगरपालिका व पंचायत समित्या आपली विखुरलेली कार्यालये 'एका छताखाली' आणण्याच्या योजना आखत असताना तर हे प्रश्न विचारायलाच हवेत. 'मध्यवर्ती प्रशासकीय इमारत' हा शब्दप्रयोग आता जिल्ह्याजिल्ह्यांत रुळला आहे. त्यामागे आधुनिकतेचा, सुटसुटीतपणाचा अभिमान असतो. परंतु एक छत ही कल्पना आधुनिक नाही. कार्यालयाचे तेच सर्वांत जुने रूप आहे.

कागलचे उदाहरण घेऊ. साहित्याच्या विद्यार्थ्याला कागल म्हटले की आनंद यादव आणि त्यांचे 'झोंबी' (१९८७) आठवते. म्हणजे कागल आठवते ते कुळाच्या घरातून, मळ्यातून पाहिलेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आठवते ते घाटगे घराणे. दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे आणि त्यांची कन्या बायजाबाई याच घराण्यातली, आणि पुढे राजर्षी शाहू छत्रपती झालेले यशवंतरावही येथलेच. या दोन कागलांच्या मधोमध जी जागा आहे, कुळाचे नाव जिथे कागदावर चढते किंवा उतरते ती, तिच्याकडे दोन्ही विद्यार्थी पाहत नाहीत.

जहागिरीच्या काळात ही जागा वाड्यात होती. यात कागलचे काही वैशिष्ट्य नाही. शिवकालीन राज्यव्यवस्थेचे वर्णन करताना 'बारा महाल, अठरा कारखाने' असे म्हटले जाते. त्या याद्या नीट वाचल्या तर लक्षात येते की त्यांत खजिना आणि टांकसाळ आहे तशीच पागा आहे, पाकशाळा आहे, पाण्याची व्यवस्था आहे. राज्याचा कारभार आणि राजाचे घर यांच्या याद्या वेगळ्या नाहीत. राज्य म्हणजे एक मोठा संसार, अशी ती कल्पना होती. पुण्यातला फरासखाना हे पेशव्यांचे तंबू-गालिचे ठेवण्याचे ठिकाण. आज त्या नावाने पोलीस ठाणे ओळखले जाते. नाव राहिले, संसार उठला.

आपल्या भाषेत या व्यवस्थेची एक खूण फार चांगली टिकून आहे : 'खासगी' हा शब्द. आज आपण तो 'सरकारी'च्या विरुद्ध अर्थाने वापरतो. संस्थानी कारभारात 'खासगी' हे एक खाते होते. राजाच्या घराचा, त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा हिशोब ठेवणारे खाते. खासगी कारभारीही तसा नोकरच, त्यालाही दफ्तर, कारकून, शिक्के. म्हणजे आज परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन शब्दांचा जन्म एकाच छताखालचा आहे, आणि त्यांच्यातली भिंत नंतर बांधलेली आहे.

कागलात तर ही गुंतागुंत दुप्पट होती. करवीर राज्याच्या मांडलिक जहागिरींत बावडा, विशाळगड, इचलकरंजी, कापशी, तोरगल यांच्याबरोबर कागलचे नाव दोनदा येते, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रजी कागदपत्रांत 'सीनियर' व 'ज्युनियर'. एका गावाच्या नावाने दोन जहागिरी, म्हणजे दोन कारभार, दोन दफ्तरे. शिवाय थोरल्या पातीचे जयसिंगराव घाटगे १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरचे रीजंट होते. १८८४ मध्ये त्यांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, आणि १८८६ मध्ये त्यांचे निधन झाले. एकच माणूस स्वतःच्या जहागिरीचा धनी आणि आपल्याच सार्वभौमाच्या राज्याचा प्रमुख कारभारी. अशा काळात 'कार्यालय' ही जागा असण्यापेक्षा व्यक्तीच असते. धनी जिथे बसेल तिथे कचेरी.

खेड्यात हेच चित्र लहान प्रमाणात दिसे. चावडी ही गावाची कचेरी खरी, पण दफ्तर चावडीत नसे. ते कुलकर्ण्याच्या घरी, माजघराच्या फडताळात, रुमालात बांधलेले असे. (कागदाच्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणण्याची पद्धत पुराभिलेखागारांत अजूनही आहे. पेशवे दफ्तर रुमालांतच मोजले जाते.) गावातल्या प्रत्येक जमिनीची नोंद एका कुटुंबाच्या घरात, आणि तीही वंशपरंपरेने. कुळाला आपली नोंद पाहायची असेल तर त्याने जायचे ते कार्यालयात नव्हे, दुसऱ्याच्या दारात. आणि त्या दारात कुठवर जायचे हे ज्याची त्याची जात ठरवत असे.

कार्यालयाच्या इमारतीचा इतिहास आपल्याकडे १९१८ पासून सुरू झाला, असे मी म्हणेन. त्या वर्षी शाहू महाराजांनी करवीर राज्यातील कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. या निर्णयाची चर्चा ब्राह्मणेतर चळवळीच्या संदर्भात पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण त्याची एक बाजू स्थापत्याची आहे, तिच्याकडे दुर्लक्ष झाले. पगारी तलाठ्याला वंशपरंपरा नाही. त्याची बदली होते. तो गेला की दफ्तर मागे राहिले पाहिजे. म्हणजे दफ्तराला आता घर चालणार नाही, त्याला स्वतःची जागा हवी. सार्वजनिक कचेरी ही इमारत अशा रीतीने एका सामाजिक निर्णयातून अपरिहार्य झाली. ती भव्य असण्याची गरज नव्हती. चार भिंती, एक पेटी आणि कुलूप एवढे पुरे होते, फक्त ते कुलूप कोणाच्या घराचे नसावे.

दुसरी पायरी १९१९ ची. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, पाणवठे येथे अस्पृश्यता पाळू नये अशी शाहू महाराजांची आज्ञा त्या वर्षाची आहे. महसूल, न्याय वगैरे खात्यांतल्या अधिकाऱ्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांना समतेने वागवावे, ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी नोकरी सोडावी, असेही त्याच वर्षी बजावण्यात आले. 'सार्वजनिक इमारत' या शब्दाला त्या दिवशी अर्थ आला. त्याआधी ती केवळ सरकारी इमारत होती. पुढच्याच वर्षी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली माणगावची परिषद भरली, ती कागल जहागिरीतल्या गावात. शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. परिषदेची भाषणे आपण वाचतो, वाचावीतच. पण माणगावच्या माणसाची कचेरी कोणती होती, याकडेही लक्ष गेले पाहिजे. त्याच्या जहागिरीचे ठाणे कागल. आज माणगाव हातकणंगले तालुक्यात आहे.

हे का झाले? कारण जहागिरीचा मुलूख सलग नव्हता. तिची गावे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्हा झाला, तालुक्यांच्या रेषा नव्याने आखल्या गेल्या. आजच्या कागल तालुक्यात सेनापती कापशी आहे, म्हणजे घोरपड्यांच्या एका वेगळ्या जहागिरीचे ठाणे, आणि स्वतःची नगरपरिषद असलेले मुरगूड आहे. तालुका हेच एक एकत्रीकरण आहे. इमारती एकत्र करण्याआधी माणसांचे पत्ते एकत्र केले गेले. कापशीचा माणूस ज्या ठाण्याशी व्यवहार करीत होता ते त्याच्याच गावात होते. आता त्याला कागलला यावे लागले. त्याच्या दृष्टीने हे एकत्रीकरण नव्हते, कचेरी दूर जाणे होते.

विलीनीकरणाने खासगी आणि सरकारी यांच्यामध्ये प्रथमच कागदावर भिंत घातली. संस्थानिकांशी झालेल्या करारांत एक कलम बहुधा सारखे असे : राजाची खासगी मालमत्ता त्याच्याकडे राहील, आणि ठरलेल्या मुदतीत त्याने तिची यादी भारत सरकारला द्यावी. संस्थानांच्या विलीनीकरणाचा इतिहास लिहिणाऱ्या व्ही. पी. मेनन यांच्या पुस्तकात या याद्यांवरच्या वाटाघाटींची वर्णने आहेत, आणि ती पुस्तकातल्या राजकीय नाट्यापेक्षा मला अधिक उद्बोधक वाटतात. कोणता वाडा घर आणि कोणता वाडा कचेरी? घोड्यांची पागा खासगी की सरकारी? वाड्यातल्या एका चौकात कारकून बसत असतील तर तो चौक कोणाचा? शेकडो वर्षे न विचारलेला प्रश्न काही महिन्यांत सोडवायचा होता. जहागिरींचा निकाल आणखी काही वर्षांनी लागला. विलीन प्रदेशांतील जहागिरी नष्ट करणारा १९५३ चा मुंबई राज्याचा कायदा १९५४ मध्ये अमलात आला. आजच्या नगरपरिषदांना, पंचायत समित्यांना संस्थानी प्रदेशात ज्या जुन्या इमारती मिळाल्या, त्या अशा वाटणीतून मिळाल्या. त्या कोणी कार्यालय म्हणून आखल्या नव्हत्या. वारशाने आलेले घर जसे असते तशा त्या होत्या : एक खोली फार मोठी, दुसरी अंधारी, आणि जिना नको तिथे.

यानंतरचा काळ फुटण्याचा आहे. एका मामलेदार कचेरीतून किती कचेऱ्या निघाल्या ते पाहिले तर नवल वाटते. न्याय आणि अंमल वेगळे करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५१ चा. त्याने फौजदारी न्याय मामलेदाराच्या हातून काढून न्यायदंडाधिकाऱ्याकडे दिला. (पूर्ण मात्र नाही. १९०६ च्या कायद्यान्वये शेताची वाट अडवल्याचा दावा अजूनही मामलेदाराच्या न्यायालयात चालतो. जुन्या वाड्याची एक खोली नव्या घरात तशीच राहिली.) १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या या रचनेत शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीविकास ही कामे निवडून आलेल्या लोकांकडे गेली. तहसीलदाराच्या शेजारी गटविकास अधिकारी आला. मग १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा. त्याने १९०१ व १९२५ च्या मुंबई इलाख्यातील जुन्या कायद्यांची जागा घेतली. कायद्याने शब्द दिला 'नगरपरिषद', लोकांच्या तोंडी राहिली 'नगरपालिका'. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या मोहिमेतून रुजलेला हा शब्द सरकारी परिभाषेपेक्षा चिवट निघाला.

तालुक्याच्या गावी फिरणारा माणूस या विखुरलेपणाला वैतागतो. तहसील एकीकडे, पंचायत समिती दुसरीकडे, दुय्यम निबंधक तिसरीकडे, भूमी अभिलेख चौथीकडे. एक दाखला मिळवायला चार हेलपाटे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण या रस्त्यांवरच जन्मली असावी. हा वैताग खरा आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही, मजुरी बुडवून येणाऱ्याला तर नाहीच. तरीही हे विखुरणे म्हणजे केवळ अव्यवस्था, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. न्यायाधीश मामलेदारापासून दूर बसू लागला कारण त्याने दूर बसणे आवश्यक होते. पंचायत समितीचा सभापती तहसीलदाराच्या ओसरीवर बसला असता तर लोकांनी निवडून दिलेला माणूस कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलला असता? दोन इमारतींमधले अंतर हे कधी कधी दोन सत्तांमधले अंतर असते. वाड्यात सगळे एका छताखाली होते, तेव्हा माणसाला हेलपाटे कमी पडत असतील. पण एका दारातून परत फिरवल्यावर जायला दुसरे दारही नव्हते.

एक छताचा प्रयोग मोठ्या शहरांनी आधी केला. मुंबईच्या नगरपालिकेची कचेरी गिरगावातून एस्प्लनेडवर आणि तेथून बोरीबंदरसमोरच्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या इमारतीत गेली. ती १८९३ मध्ये पुरी झाली. घुमट, मनोरा, दरबारासारखा सभागृहाचा दिमाख. परकी राजवट आणि स्थानिक धनिक यांनी मिळून शहराच्या नावाने बांधलेला तो एक नवा वाडाच होता. पुण्यात उलटे झाले. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा विसाव्या शतकात काही दशके नगरपालिकेची कचेरी होता. १९५० मध्ये महानगरपालिका झाली, पुढे कार्यालय शिवाजीनगरच्या बाजूला नव्या इमारतीत गेले आणि वाडा मागे राहिला. तो विकला गेला नाही, पाडला गेला नाही. गावाच्या मालकीचाच राहिला, म्हणून आज तो पाहता येतो. कोल्हापूरचा टाऊन हॉल हे याहून बोलके उदाहरण आहे. १८७० च्या दशकात बांधलेली ती गॉथिक घडणीची इमारत. ब्रह्मपुरीच्या उत्खननातून निघालेल्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये स्थापन झालेले संग्रहालय १९४९ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाच्याच वर्षी, या इमारतीत आले. राज्य गेले त्या वर्षी राज्याच्या सभागृहाला नवे काम मिळाले.

सगळे एका ठिकाणी आणण्याचा धोका राज्याने अलीकडेच अनुभवला. विखुरलेली खाती एकत्र असावीत म्हणून १९५५ मध्ये उभे राहिलेले सचिवालय, १९७५ पासूनचे मंत्रालय, २१ जून २०१२ रोजी पेटले. वरच्या मजल्यांवरची अनेक खात्यांची कागदपत्रे एका दुपारी गेली. शनिवारवाड्याची १८२८ ची आग मराठी माणसाच्या स्मरणात आहे. मंत्रालयाची आग तितकी राहिली नाही, कारण फायली जळण्यात कोणाला काव्य दिसत नाही. इमारतीबरोबर दफ्तराचा विचार न करणारे एकत्रीकरण धोक्याचे असते. तालुक्याच्या गावात स्थलांतराच्या वेळी फर्निचरची यादी होते, टेबल-खुर्च्यांवर रंगाने क्रमांक पडतात, आणि जुने रुमाल पोत्यांत भरून गच्चीखालच्या खोलीत जातात. १९४८ च्या कुळकायद्यानंतर आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषकदिना'नंतर जमीन कोणाची, हे अशाच रुमालांतल्या नोंदींवर ठरले. ज्या कुळाचे नाव पीकपाहणीत होते ते मालक झाले. ज्याचे नव्हते त्याने आयुष्यभर जमीन कसलेली असली तरी तो मजूरच राहिला. अशी पोती आता स्कॅन केली म्हणून टाकून द्यावीत, असा विचार बळावतो आहे. तो मला अविचार वाटतो.

राहिला प्रश्न रिकाम्या झालेल्या इमारतीचा. नवे कार्यालय बांधायला पैसा लागतो, आणि नगरपरिषदेजवळ तो नसतो. म्हणून तळमजल्यावर गाळे काढायचे, वर कार्यालय, ही आपल्या गावांची सर्वपरिचित रचना झाली. कायदा या बाबतीत सैल नाही. १९६५ च्या अधिनियमाने स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाला राज्य शासनाच्या मंजुरीची अट घातली, भाडेपट्टा अल्प मुदतीचा ठरवला, आणि १९८३ मध्ये या हस्तांतरणासाठी स्वतंत्र नियम झाले. तरीही एकदा दिलेला गाळा परत घेणे किती अवघड असते हे कोणत्याही मुख्याधिकाऱ्याला विचारावे. जुन्या कचेरीच्या जागी गाळे उभे राहिले की दोन पिढ्यांत ती जागा भाडेकरूच्या घरची मालमत्ता मानली जाऊ लागते. 'सरकारी'चे पुन्हा 'खासगी' होते, या वेळी कोणत्याही कराराशिवाय, यादीशिवाय.

याचे एक कारण हिशोबाच्या पद्धतीत होते. जुन्या रोख पद्धतीच्या जमाखर्चात इमारतीला किंमत नसे. ज्या वर्षी बांधली त्या वर्षी खर्च पडला. पुढच्या वर्षापासून ती वहीतून अदृश्य. कोणती इमारत कोणाची, किती जुनी, किती जागा रिकामी, हे लेखापालाला सांगता येत नसे. ते जुन्या शिपायाला ठाऊक असे. २००४ मध्ये केंद्र सरकारने नगरपालिकांसाठी राष्ट्रीय लेखा पुस्तिका काढली, दुहेरी नोंद पद्धतीचा आग्रह धरला, आणि प्रत्येक नगरपालिकेला आपल्या स्थावर मालमत्तेची नोंदवही करणे भाग पडू लागले. १९४९ ची यादी राजाने करायची होती, ही गावाने करायची आहे. या नोंदवहीत इमारतीला किंमत येते, दर वर्षी घसारा पडतो. आणि जी जमीन सरकारकडून विनामूल्य मिळाली, म्हणजे संस्थानी मुलुखात जिचा वारसा बहुधा कोणत्या तरी वाड्याकडे, पागेकडे, ठाण्याकडे जातो, ती कोणत्या किमतीला नोंदवायची याचेही उत्तर त्या पुस्तिकेत आहे. मालकी नगरपालिकेच्या नावावर झाली असेल तर १ रुपया. झाली नसेल, नुसता परवानगीने ताबा असेल, तरीही नोंदवहीत १ रुपयाच.